धूर पुरणारे लिंबाजीअप्पा

बिडी ओढणाऱ्याला धूर गिळायला लावणारा माणूस तुम्ही कधी पाहिला नसेल. आम्ही रोज पाहायचो. आमच्या गावात पारावर कुणी बिडी पेटवली, की लिंबाजीअप्पा कुठून तरी हजर व्हायचे, त्याच्यासमोर उकिडवे बसायचे आणि त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत राहायचे. बिचाऱ्यानं झुरका घेतला रे घेतला, की अप्पांचा हात वर. "सोडू नको! सोडू नको! धरून ठिव. आता गिळ!" त्या माणसाचे डोळे पांढरे व्हायचे, ठसका लागायचा आणि धूर मिळेल त्या वाटेनं बाहेर पडायचा. अप्पा मांडीवर हात मारून हळहळायचे. "गेला! अख्खा झुरका वर गेला बग तुज्यापायी."

याचा परिणाम काय झाला? गावातल्या बिड्या कमी झाल्या असं वाटत असेल तर तुम्ही आमचं गाव ओळखत नाही. सत्तरीतले म्हातारे देवळाच्या मागं लपून बिड्या ओढायला लागले. एकजण भिंतीच्या कोपऱ्यावर पहाऱ्याला उभा राहायचा. अप्पा दिसले की तो खाकरायचा आणि पाच-सहा पांढऱ्या मिशा हात मागं करून साळसूदपणे उभ्या राहायच्या.

गाव आमचं कर्नाटकाच्या हद्दीत, मंठाळच्या अलीकडं. घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दखनी आणि भांडताना तिन्ही. मी तिथल्या सरकारी मराठी शाळेत विज्ञान शिकवायला आलो, तीन वर्षांत बदली करून घेतो म्हणालो आणि तिथंच निवृत्त झालो. अप्पांचं घर माझ्या घराला भिंतीला भिंत लावून. म्हणजे इतरांना अप्पा पारावर भेटायचे, मला सकाळी दात घासतानासुद्धा भेटायचे. तोंडात फेस असलेल्या माणसाला प्रश्न विचारायची त्यांना फार हौस.

आता लपवण्यात अर्थ नाही. अप्पांना या नादाला मीच लावलं.

झालं असं, की एकदा अप्पा शाळेच्या खिडकीपाशी बैल झाडाला बांधून उभे होते. आत मी चुन्याच्या निवळीचा प्रयोग दाखवत होतो. काचेच्या ग्लासात चुन्याचं निवळ पाणी, त्यात नळीनं फुंकर मारायची, की पाणी दुधासारखं होतं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुना धरून ठेवतो, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो आणि वर्षानुवर्षं पोरं जांभया देत आली होती. पण त्या दिवशी खिडकीतून आवाज आला, "गुरुजी, आमाला बी एकदा फुकू द्या की."

अप्पा आत आले. फुंकले. पाणी पांढरं झालं. अप्पांचा चेहराही तसाच झाला. "म्हंजे ज्यो चुलीतनं निगतोय, त्योच माज्यातनं बी निगायलाय?"

"होय. तोच."

"म्हंजे मी बी धुराडंच!"

त्यानंतर दोन दिवस अप्पा श्वास बेताबेतानं घेत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मंडळी गोदाअक्का भिंतीवरून ओरडल्या, "गुरुजी, तुमी ह्यास्नी काय शिकवलाव? माणूस नाक धरून बसायलाय घरात!" मी जाऊन समजूत घातली, की अप्पा, माणसाच्या श्वासाचं काही नाही, झाडं तो परत घेतात, तुम्ही मोकळेपणी श्वास घ्या. अप्पांनी एक भला मोठा श्वास सोडला आणि मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतो! दुसऱ्या दिवशी दात घासताना प्रश्न सुरू. "झाड घेतंय म्हणलाव. घेऊन करतंय काय त्याचं?" मी चूळ भरली आणि सांगितलं, लाकूड करतं. "अन् आपण ते लाकूड जाळून परत वर लावून देतोय?" होय. "जाळलंच न्हाई तर?" तर कुजेल आणि हळूहळू वर जाईल. अप्पांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. मग म्हणाले, "अन् कोळसा केला तर? कोळसा कुजतोय का?"

माझ्या सगळ्या नोकरीत एकाही विद्यार्थ्यानं असा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणालो, "नाही अप्पा. कोळसा कुजत नाही. शेकडो वर्षं तसाच राहतो."

"मंग पुरा की त्याला!" अप्पा ओरडले. "धरून ठिवा!"

तेव्हापासून "धरून ठिवा" हा त्यांचा मंत्र झाला. आमच्याकडं तूर बक्कळ. तूर काढली, की बांधावर तुराट्यांचे ढीग पडतात. कुणी चुलीत घालतं, कुणी कुंपणाला लावतं, उरलेल्या रानातच पेटवून देतात. अप्पांनी रानात खड्डा खणला, तुराट्या रचल्या, पेटवल्या आणि जाळ चढायच्या आत वरून ओला पाला आणि माती लोटली. आत धुमसून धुमसून राख न होता कोळसा झाला. तो पाण्यानं विझवला, मोगरीनं कुटला, शेणगोमूत्रात कालवला आणि टोपल्या भरभरून तासात, म्हणजे नांगरलेल्या सरीत, पुरला. खांद्यावर फावडं, डोक्यावर टोपली आणि चेहरा गंभीर. गावाला एवढंच निमित्त पुरे झालं.

"अप्पा, आज कोण गेलं?"

"तूर गेली," अप्पा सांगायचे. "वर जाऊ दिलो न्हाई, खाली ठिवलो."

कुणी म्हणायचं, अहो, पण खड्ड्यातून धूर निघतोच की. त्यावर अप्पांचं उत्तर तयार. "बाळंतपणाला जरा रगत जायाचंच. लेकरू बगा, रगत कामून बगायलाव?"

त्यांचा उत्साह शेतापुरता राहिला असता तर कुणाची हरकत नव्हती. पण एक दिवस त्यांची नजर बसवकल्याणच्या बसवर गेली. ही बस आमच्या गावातून सुटताना इतका काळा धूर सोडायची, की निरोप द्यायला आलेली माणसं दिसेनाशी व्हायची. अप्पांनी एक गोणपाट चुन्याच्या निवळीत भिजवलं आणि बस थांबली असताना मागच्या नळकांड्याला सुतळीनं घट्ट आवळून बांधलं. चुना धूर धरतो, हे मीच शिकवलेलं. बस सुरू झाली, दोन आचके दिले आणि बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरला, मागं येऊन बघतो तर अप्पा नळकांड्यापाशी कान लावून बसलेले.

"एन माडतीरी अज्जा?" ड्रायव्हर किंचाळला. आजोबा, काय करताय, एवढाच त्याचा अर्थ.

"बांधलोय त्याला," अप्पा शांतपणे म्हणाले. "तुमी चलवा की. कामून थांबलाव?"

कंडक्टर, ड्रायव्हर आणि पंचवीस पॅसेंजर मिळून कानडी, मराठी आणि दखनीत अप्पांना जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. त्या बसमध्ये मीही होतो. त्या दिवशी मला तालुक्याला बदलीचा अर्ज द्यायचा होता. तो राहिला तो राहिलाच.

देवळातल्या पुजाऱ्यालाही त्यांनी सोडलं नाही. "देवाला वास पायजे, धूर न्हाई. तीन उदबत्त्या कामून? एक लाव, अन् ती बी निम्मी." पुजारी म्हणाला, अप्पा, देव रागावेल. अप्पा म्हणाले, देवाच्या डोळ्यात रोज धूर जायलाय, त्यो कवाच रागावलाय. घरात गोदाअक्कांची चूल तर त्यांनी तीनदा पाडून तीनदा बांधली. अक्का मला सांगायच्या, "ह्यांनी धूर धरायचा अन् डोळे माजे चुरचुरायचे. सुखानं जेवाया मिळंना झालंय, गुरुजी." पण बोलतानाच त्या अप्पांसाठी कोळशाची टोपली भरत असायच्या, हेही मी पाहिलेलं आहे.

आता नागूबद्दल सांगायला हवं. नागनाथ हा अप्पांचा एकुलता एक मुलगा आणि माझा विद्यार्थी. दहावी पास झाला. विज्ञानात पस्तीस गुण, त्यातले सहा माझ्या दयेचे. त्या काळात आमच्याकडची पोरं टोळधाडीसारखी बाहेर पडत होती. कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला. नागू गेला गुलबर्ग्याच्या पलीकडं, सिमेंटच्या कारखान्यात. भट्टीवर लागला. भट्टी बारा महिने चोवीस तास पेटलेली, त्यामुळं रजा म्हणजे उपकार. सहा वर्षांत दोनदा आला, तेही दुसऱ्यांच्या लग्नाला आणि अर्ध्या दिवसासाठी.

अप्पा एकदा त्याला भेटायला गेले होते. परत आले आणि दोन दिवस एकाही बिडीवाल्याच्या वाटेला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याजवळ येऊन बसले. "चिमणीखाली उभा होता गुरुजी. डोस्क्यावर, भुवयांवर सगळी पांढरी धूळ. म्या वळखलोच न्हाई. म्हणलं, ह्यो म्हातारा कोण हात करायलाय मला?" एवढं बोलून ते उठून गेले. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच होतं. नागूला त्या चिमणीखालून काढून घरी आणायचं.

पण आणून करायचं काय? चार एकर रान, त्यात दोघंजण पोट भरत होते तेवढंच. नागू फोनवर म्हणायचा, अप्पा, गावात पगार देणारं काही असलं तर मी उद्या येतो. फोन माझा, त्यामुळं ही वाक्यं मला पाठ झाली होती.

आणि नेमकं त्याच सुमाराला एका संस्थेची माणसं गावात आली. शर्ट पॅंटीत खोचलेले, हातात कागद. त्यांनी पारावर बैठक घेतली आणि सांगितलं, की कार्बन धरणाऱ्या गावाला पैसे मिळतात. परदेशातल्या ज्या कारखान्यांना धूर सोडायचा आहे, ते इथं धूर वाचवणाऱ्यांना पैसे देतात, तसा देशादेशांनी मिळून करारच केला आहे. अर्ध्या गावाला नव्या बिनधुराच्या चुली द्यायच्या, अर्ध्या गावात जुन्या तशाच ठेवून फरक दाखवायचा, बांधाबांधावर झाडं लावायची. माणसं माझ्याकडं बघायला लागली, तेव्हा मी सोपं करून सांगितलं.

अप्पा विचारात पडले. "म्हंजे उपास आपण करायचा, अन् जेवायचं त्यांनी?"

"तसंच म्हणा."

"अन् पुण्य?"

"कागदोपत्री त्यांचंच."

पार खो खो हसला. पण संस्थेचा माणूस पुढं म्हणाला, की योजना मंजूर झाली तर देखरेखीला गावातलाच एक माणूस नेमायचा आहे. दहावी पास हवा. बारा महिने पगार. अप्पा ताडकन उभे राहिले. "पुण्य ठिवू द्या त्यांच्याकडं," ते म्हणाले. "दरखास्त कुटं द्यायची?"

दरखास्त मी लिहिली. नाव नागनाथ लिंबाजी. अप्पांनी ती घडी करून टोपीत ठेवली आणि गाव कामाला लावलं.

आता या योजनेतली गंमत ऐका. संस्थेनं सांगितलं, की एक तपासणी साहेब येणार. चुली बदलायच्या आधी धूर किती आहे, हे त्यांना दिसलं पाहिजे. धूरच नसेल तर वाचवला काय म्हणून लिहायचं? म्हणजे आयुष्यभर ज्या माणसानं गावाच्या बिड्या विझवल्या, त्यालाच आता घरोघर फिरून धूर करा म्हणून सांगायची पाळी आली. आणि अप्पांनी ते केलं! एकेका दारात जाऊन ते म्हणायचे, "त्या दिवशी जरा चांगला धूर करा बाई. ओली बाभळ लावा. गवऱ्या जरा भिजवून ठिवा." बोलताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की कुणाला वाटावं यांच्या पोटात दुखतंय. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. देवळामागच्या म्हाताऱ्यांनी तर त्या दिवशी दोन-दोन बिड्या एकदम ओढायचं कबूल केलं, आणि अप्पांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "ओढा बाबांनो. माज्या नागूसाठी ओढा."

साहेबांच्या तपासणीचं पत्र महिनाभर आधी आलं. इंग्रजीत होतं, म्हणून मी वाचलं. तारीख मोठ्यानं सांगितली. सगळ्यांनी ऐकली. अप्पांनी भिंतीवर कोळशानं लिहून ठेवली.

माझ्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं होतं. मान वळवून बघायची एवढंच. पण मी पडलो पगारी माणूस, मला तारीख कळते. गावाला तिथी कळते. तारीख तारखेच्या जागी राहिली, तिथी तिथीच्या जागी राहिली आणि दोन्ही एकाच दिवशी येतात हे सबंध गावात कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दोन दिवस आधी गोदाअक्का भज्जीसाठी शेंगा निवडत बसल्या होत्या. सहज म्हणाल्या, "परवा आमुशा. येळवस. तुमचा सायेब कवा यायलाय?"

"परवा," अप्पा म्हणाले, आणि हातातला तांब्या तसाच धरून उभे राहिले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गावात माणूस राहत नाही. बायका पहाटेच रांधून घेतात, चुली विझतात आणि शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबिलीचं मडकं असं सगळं डोक्यावर घेऊन घरंच्या घरं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, तिथं पूजा करायची आणि दिवसभर येईल त्याला जेवू घालायचं. पुण्या-हैदराबादची पोरंसुद्धा त्या दिवशी येतात. गावात कुत्रं राहत नाही, कारण तेही भज्जीच्या वासानं रानात गेलेलं असतं.

मी संस्थेला फोन लावला. साहेब निघाले, तारीख बदलत नाही. अप्पा घरोघर फिरले. "एक दिस. फकस्त दुपारपतूर. चूल पेटती ठिवा." सगळ्यांनी पाणी दिलं, चहा विचारला आणि हात जोडले. येळवशीला घरात बसून दुपारी चूल पेटवायची? तसलं घर म्हणजे सुतकाचं घर. अप्पांना राग येईना, कारण त्यांनीही दुसऱ्यासाठी ते केलं नसतं.

साहेब बारा वाजता आले. जीपमधून उतरले, चष्मा पुसला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळ्या दारांना कुलपं. पारावर एक शेळी, तीही बांधलेली म्हणून. मी आणि अप्पा, दोघंच स्वागताला.

"यहाँ कोई रहता है?" साहेबांनी विचारलं.

अप्पांनी हात जोडून दखनीत सगळं सांगितलं, पण साहेबांनी तोवर यंत्र काढलं होतं. ते त्यांनी पाराजवळ लावलं, बोळात लावलं, वेशीत लावलं. काटा जागचा हलेना. वर्षभर डोळे चोळत स्वयंपाक करणारं आमचं गाव त्या दुपारी हिमालयातल्या आश्रमासारखं शुद्ध झालं होतं. अप्पा धावत माझ्या घरात गेले, माझ्याच गवऱ्या आणून माझ्याच अंगणात पेटवायला बसले आणि जिवाच्या आकांतानं फुंकायला लागले. साहेब म्हणाले, नहीं नहीं, ये नहीं चलेगा, जैसा है वैसा ही लिखना पड़ता है. आणि त्यांनी लिहिलं. धूर, शून्य. मग खाली आणखी एक ओळ. मी वाकून वाचली. या गावाला सुधारणेची गरज दिसत नाही.

येळवशीला आलेल्या माणसाला उपाशी लावायचं नसतं, मग तो कुणीही असो. अप्पांनी साहेबांना रानात नेलं. साहेब भज्जी तीनदा मागून जेवले, आंबील दोन गाडगी प्याले आणि बाभळीखाली घोरायला लागले. उठल्यावर अप्पांनी त्यांना हाताला धरून तासातासातून फिरवलं. "बगा सायेब, इथं कोळसा. इथं बी कोळसा. सात वर्साचा धूर धरून ठिवलोय मी."

साहेबांनी खाली वाकून बघितलं. काळं रान, त्यात काळा कोळसा. काय दिसणार कपाळ! त्यांनी बोटानं माती उकरली, बोट काळं झालं, आमच्याकडं कुठंही उकरलं तरी होतंच. मग फॉर्म उलटापालटा केला. झाडांचा रकाना होता, चुलीचा होता, जमिनीत पुरलेल्या कोळशाचा नव्हता. साहेब माणूस वाईट नव्हते. "अप्पाजी, काम आपका अच्छा है," ते म्हणाले, "मगर इसका खाना नहीं है कागज़ में."

दिवस मावळायला जीप निघाली. ती ओढा ओलांडून दिसेनाशी होते न होते, तोच गावकऱ्यांनी कडब्याचे टेंभे पेटवले. येळवशीच्या संध्याकाळी पेटते टेंभे घेऊन पिकाभोवती पळायची रीतच आहे. ह्या रानात पेटला, त्या रानात पेटला, शिवारभर आरोळ्या आणि शिवारभर धूर! वर्षातला सगळ्यात मोठा धूर, आणि बघायला साहेब नाहीत. मी हसू लागलो. पोट धरून हसलो. मग अप्पांकडं बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली. ते बांधावर उभे राहून रस्त्याकडं बघत होते. शेजारच्या रानात पुण्याहून आलेली पोरं बापाबरोबर टेंभा घेऊन पळत होती.

दोन महिन्यांनी पत्र आलं. योजना दुसऱ्या एका गावाला मिळाली होती, तिकडं धूर पुष्कळ निघाला म्हणे. मी वाचून दाखवलं. अप्पा म्हणाले, "म्हंजे सुधारायला आदी बिगडून ऱ्हावं लागतंय. आमी लई लौकर सुधारलाव." त्यांनी टोपीतली दरखास्त काढून गोदाअक्कांच्या हातात दिली. चुलीत घाला म्हणाले नाहीत. ते त्यांना जमलंच नसतं.

नागूला फोनवर मीच सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. हितं आता खोली बी देणार हायत. अप्पाला सांगा, मी बरा हाय." अप्पा शेजारीच बसले होते. मी फोन पुढं केला, तर त्यांनी मान हलवली. "बरा हाय म्हणतोय न्हवं? मंग झालं."

मला वाटलं, आता कोळसा संपला. आतापर्यंत नोकरीची आस तरी होती. आता माणूस कशासाठी राबेल? गावानंही तेच धरलं. म्हातारे देवळामागून पुढं आले आणि पारावर उघड बिड्या ओढू लागले. अप्पा शेजारून जायचे, काही म्हणायचे नाहीत. सांगतो, ते बघवत नव्हतं. मी स्वतः एकाला म्हणालो, अरे, जरा लपून ओढ की.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी मी रानाकडं फिरायला गेलो, तर अप्पांच्या शेतात खड्डा धुमसत होता. गोदाअक्का मोगरीनं कोळसा कुटत होत्या, अप्पा टोपली भरत होते. नुसत्या त्यांच्याच तुराट्या नव्हत्या, शेजारपाजारच्याही मागून आणलेल्या होत्या. मागच्या वर्षीच्या दुप्पट काम.

मी चिडलो. मला काळजी वाटली की मी चिडतो, हा माझा जुना दोष आहे. "अप्पा, आता कशाला? नोकरी गेली, साहेब गेला, कागदात रकानासुद्धा नाही. वय काय तुमचं? कुणासाठी चाललंय हे?"

अप्पांनी टोपली खाली ठेवली. "नोकरी गेली गुरुजी, पर नागू तर तितंच हाय की."

"मग?"

"त्या भट्टीचा धूर त्याच्या हातनं वर जायलाय. त्यो तरी काय करंल? पोटासाटी उभारावं लागतंय. वर सोडणं त्याच्या नशिबी आलंय, मंग खाली धरणं बापाच्या नको का?" त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, त्यानं ते आणखीच काळं झालं. "उद्या कुणी म्हणू नये, लिंबाजीच्या पोरानं आभाळ खराब केलं. त्याच्या वाट्याचं मी हितं भरून टाकायलोय."

गोदाअक्का खाली मान घालून कुटत राहिल्या. मला रडू आलं. सरळ सांगतो, आलं. मी पाठ फिरवून उगंच तुराट्या नीट रचल्यासारखं केलं.

"गुरुजी," मागून अप्पा म्हणाले, "तुमी शिकलेले. एका माणसाच्या वाट्याला दिसाकाठी किती धूर येत असंल?"

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्या चिमणीचा एका दिवसाचा धूर धरायला आमच्या सगळ्या गावाची तूर पुरणार नाही, हे मला ठाऊक होतं. विज्ञानात खोटं बोलायचं नसतं, असं मी प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी सांगत आलो.

"एक टोपली," मी म्हणालो.

अप्पांनी नीट विचार केला. मग वाकून टोपली उचलली आणि अक्कांना म्हणाले, "दोन भर गं. पोरगं ओव्हरटाइम बी करायलाय."